आईचा बोन मॅरो लेकराला का चालत नाही? पेशीच्या पडद्यातल्या चरबीची गोष्ट

सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार बोन मॅरो, म्हणजे हाडांतला रक्त बनवणारा मगज, बदलून बरा होऊ शकतो, ही बातमी आता विदर्भाच्या धानपट्ट्यातल्या गावागावांत पोचली आहे. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याकडच्या तपासण्यांना जोर आला. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलेलं असतं. बोटातून काढलेलं रक्त नळीतल्या द्रावणात टाकतात आणि ती नळी काळ्या रेघांच्या कागदापुढे धरतात. मागच्या रेघा स्पष्ट दिसल्या तर चिंता नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढची, इलेक्ट्रोफोरेसिसची तपासणी. ज्या घरात लेकराला आजार निघतो, तिथे थोड्याच दिवसांत बोन मॅरोची गोष्ट निघते, आणि मग एक प्रश्न येतो. एका आईने तो असा विचारला होता: "म्याडम, मी त्याची माय आहो. नऊ महिने पोटात वागवला. मंग माहा बोन मॅरो त्याले काहून नाई चालत?"

या प्रश्नाला "जुळत नाही" एवढं दोन शब्दांचं उत्तर देऊन पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. याच कोड्याने शास्त्रज्ञांना 1960च्या दशकापासून छळलं आहे. त्याचा माग काढत गेलं की आपण एका विलक्षण पेशीपाशी पोचतो आणि तिथून त्या पेशीच्या पडद्यातल्या चिमूटभर चरबीपाशी. ही वाट जरा लांबची आहे, पण चालून जाण्यासारखी आहे.

कोण कोणाला नाकारतं

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या अंगावर एचएलए नावाच्या प्रथिनांच्या खुणा असतात. या खुणांचा अर्धा संच आईकडून येतो, अर्धा बापाकडून. म्हणून आई असो की बाप, लेकराशी त्यांचं जुळणं अर्धंच असतं. सख्ख्या भावंडांना मात्र दोन्हीकडून तेच अर्धे मिळाले तर जुळणी पूर्ण होते. तशी शक्यता दर भावंडामागे 4 मध्ये 1. डॉक्टर आधी भावा-बहिणीची तपासणी करायला सांगतात, त्याचं कारण हे.

परकी खूण ओळखून हल्ला करण्याचं मुख्य काम टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी करतात. आईच्या अर्ध्या खुणा लेकराच्या टी पेशींना परक्या वाटतात. इथवर हिशेब सरळ आहे.

कोडं पडलं ते उंदरांमुळे. दोन वेगळ्या वंशांचे उंदीर एकत्र आणले की पिल्लाच्या अंगावर दोघांच्याही खुणा येतात. प्रयोगशाळेतल्या शुद्ध वंशात आईकडे एकाच प्रकारच्या खुणा असतात आणि त्या सगळ्या पिल्लाकडेही असतात. म्हणजे आईच्या बोन मॅरोत पिल्लाला परकं वाटावं असं काहीच नाही. तरीही पिल्लू तो नाकारत होतं. परकेपणा शोधणारी यंत्रणा एवढीच प्रतिकारशक्ती असती, तर हे घडायलाच नको होतं.

नसलेली खूण ओळखणारी पेशी

1975 साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रोल्फ किसलिंग, एव्हा क्लाइन आणि हान्स विग्झेल यांनी, आणि त्याच सुमारास अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांनी, एका नव्या प्रकारच्या पांढऱ्या पेशीचं वर्णन केलं. कसलीही आधीची ओळख नसताना ती कर्करोगाच्या पेशी मारत होती. तिला नाव मिळालं नैसर्गिक मारक पेशी, म्हणजेच एनके पेशी. लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींपैकी आपल्या रक्तात साधारण 5 ते 15 टक्के या असतात.

ही पेशी नेमकं काय पाहते, याचं उत्तर क्लास कॅरे या स्वीडिश शास्त्रज्ञाने दिलं आणि 1986 साली प्रयोगाने दाखवलं. एनके पेशी समोरच्या पेशीवर आपल्या घरची खूण आहे ना, हे पाहते. खूण असली तर सोडून देते. खूण कमी असली किंवा नसली तर मारते. विषाणू आणि कर्करोग या दोघांनाही टी पेशींपासून लपायला पेशीवरच्या खुणा उतरवायची खोड असते; त्या लबाडीवर निसर्गाचं हे उत्तर आहे. उंदराचं कोडंही इथे सुटतं. पिल्लाच्या एनके पेशी दोन प्रकारच्या खुणा पाहत वाढलेल्या होत्या. आईच्या पेशींवर त्यांना त्यातली एकच दिसली. दुसरी "हरवलेली" होती, आणि तेवढं पुरे होतं.

माणसाच्या प्रत्यारोपणात टी पेशींचा वाटा मोठा, एनके पेशींचा त्यानंतरचा. पण तो आहे, आणि प्रत्यारोपणाआधी रुग्णाची प्रतिकारशक्ती दाबायला देतात त्या रेडिएशनलाही एनके पेशी बऱ्यापैकी दाद देत नाहीत, म्हणून त्यांचा विचार करावाच लागतो.

आता खरा अवघड भाग. एनके पेशीच्या अंगावर डझनावारी ग्राही असतात. ग्राही म्हणजे बाहेरचा निरोप घेणारं प्रथिन. काही ग्राही "मार" म्हणतात, काही "थांब" म्हणतात, आणि बहुतेक वेळा दोन्ही एकदमच बोलतात. मग निर्णय कोण घेतं? पेशीला मेंदू नाही. दोन्हीकडच्या निरोपांची बेरीज-वजाबाकी कुठेतरी व्हायला हवी. तिचा मोठा भाग पेशीच्या पडद्याच्या आतल्या अंगाला, चरबीच्या काही रेणूंवर होतो.

पडद्याच्या आतल्या बाजूला

पेशीचा पडदा चरबीच्या रेणूंच्या दोन थरांचा असतो, जाडी एका मिलिमीटरचा सुमारे दोन लाखावा भाग. या चरबीला शास्त्रात लिपिड म्हणतात. बहुतेक लिपिड पडदा उभा धरण्याचं काम करतात. पण आतल्या थरात एक लहानसा गट वेगळा आहे. त्यातल्या आपल्या कामाच्या रेणूचं नाव पिप-2. पडद्यातल्या एकूण लिपिडात तो टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो.

गोठ्यातला खुंटा डोळ्यांसमोर आणा. त्याचं खालचं टोक जमिनीत गाडलेलं, वरचं बाहेर. पिप-2 तसाच आहे: दोन तेलकट शेपट्या पडद्यात रुतलेल्या, आणि डोकं पेशीच्या आत डोकावणारं. त्या डोक्यावर फॉस्फेटच्या दोन कड्या आहेत. "मार" म्हणणारा ग्राही जागा झाला की पीआय-3-कायनेज नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक काम घडवणारं प्रथिन, येतं आणि खुंट्यावर ठरलेल्या जागी तिसरी कडी बसवतं. आता त्याचं नाव पिप-3. बैल गोठ्यात मोकळेच फिरत होते, पण त्यांचं दावं या तिसऱ्या कडीतच अडकतं. हे बैल म्हणजे पेशीतली काम करणारी प्रथिनं. त्यांतलं सगळ्यांत प्रसिद्ध एकेटी. खुंट्याशी बांधलं गेलं की ते पडद्यापाशी येतं, तिथे त्याला चालना मिळते, आणि पेशी खायला, वाढायला, लढायला लागते.

पण बांधलेला बैल सोडणाराही हवा. ते काम दोन एन्झाइमं करतात आणि दोघांची रीत वेगळी आहे. पीटेन ही नेमकी तिसरी कडी काढून घेते. खुंटा पूर्ववत पिप-2 होतो आणि दावं सुटतं. शिप-1 मात्र तिसरी कडी तशीच ठेवते आणि आधीच्या दोनांपैकी एक काढते. त्यातून जो नवा खुंटा उरतो त्यावर काही बैलांचं दावं सुटतं आणि काहींचं तरीही अडकून राहतं. हा फरक बारीक वाटेल, पण लक्षात ठेवा. पुढची अर्धी गोष्ट त्यावर आहे.

पिप-2 ला आणखीही एक वाट आहे. पीएलसी-गॅमा नावाचं एन्झाइम खुंट्याचं डोकंच छाटतं. छाटलेलं डोकं पेशीत तरंगत जातं आणि आतल्या कोठारांतून कॅल्शियम सोडवतं. पडद्यात उरलेला बुडखा, ज्याला डायअसिलग्लिसरॉल म्हणतात, तोही स्वतः निरोप्या होतो. म्हणजे एकाच रेणूतून तीन वेगवेगळे निरोप निघतात, आणि कोणता निघेल हे त्या क्षणी पडद्याशी कोणतं एन्झाइम उभं आहे यावर ठरतं. मला हे सगळ्यांत सुंदर वाटतं.

एका स्पर्शात काय घडतं

एनके पेशी दुसऱ्या पेशीला येऊन चिकटते. जिथे चिकटली तिथे ग्राही गोळा होतात. समोर घरची खूण असली तर "थांब" म्हणणाऱ्या ग्राहींच्या आतल्या टोकाशी फॉस्फेट काढणारी एन्झाइमं येऊन बसतात, त्यांतल्या काही ग्राहींशी शिप-1 सुद्धा. सुरू होऊ पाहणारं काम तिथेच विझतं. एनके पेशी सुटी होते आणि पुढच्या पेशीकडे सरकते.

खूण नसली तर गोष्ट उलट होते. स्पर्शाच्या जागी पिप-3 वाढतं. पीएलसी-गॅमा पिप-2 छाटू लागतं. कॅल्शियम उसळतं, आधी आतल्या कोठारांतून आणि मग बाहेरून. पेशीत विखुरलेल्या मारक पुरचुंड्या आधी एका जागी गोळा होतात आणि मग सगळ्या मिळून स्पर्शाच्या जागेकडे सरकतात. त्यांत परफोरिन आणि ग्रँझाइम ही प्रथिनं भरलेली असतात. परफोरिन समोरच्या पडद्याला भोकं पाडतं, ग्रँझाइम आत शिरून त्या पेशीला मरायला लावतं. कॅल्शियम बाहेरून आत घेणारं दारच ज्यांच्यात जन्मतः बिघडलेलं आहे अशी मोजकी माणसं वैद्यकाला माहीत आहेत. त्यांच्या एनके पेशी शत्रूला चिकटतात, पण पुरचुंड्या सोडू शकत नाहीत.

इथे एक प्रश्न मनात यायला हवा. परफोरिन ज्या फटीत सुटतं, तिच्या एका बाजूला शत्रूचा पडदा आणि दुसऱ्या बाजूला एनके पेशीचा स्वतःचा. मग ती स्वतः का मरत नाही? याचंही उत्तर लिपिडांतच निघालं. 2019 मध्ये मारक टी पेशींत आणि 2021 मध्ये एनके पेशींत दिसून आलं की मारणाऱ्या पेशीचा पडदा त्या जागी फार घट्ट रचलेला असतो. त्यात परफोरिनला रुतायला जागा मिळत नाही. पुरचुंड्यांच्या भोवतीचं आवरणही असंच घट्ट लिपिडांचं असतं आणि पुरचुंडी फुटताना तेच आवरण पडद्यात मिसळतं. म्हणजे हल्ल्याच्या क्षणीच संरक्षणाचं लिपिडही नेमक्या जागी पोचतं.

नाकारण्याचं काम शिकवतं कोण

आता परत बोन मॅरोकडे. एनके पेशी जन्मतः शहाणी नसते. बोन मॅरोत वाढताना तिला घरच्या खुणांशी ओळख करून घ्यावी लागते. ज्या पेशीजवळ घरची खूण ओळखणारा "थांब" ग्राही असतो, तीच पुढे जोमाने मारू शकते. ज्या पेशीजवळ तो नसतो, ती मंद राहते. बेलगाम पेशी घरच्यांवर उलटू नये, यासाठीची ही खबरदारी. वेन योकोयामा यांच्या गटाने 2005 मध्ये हे उंदरांत दाखवलं.

या शिक्षणात शिप-1 चा हात आहे हे त्याआधीच, 2002 साली दिसलं होतं. ज्या उंदरांत शिप-1 मुळातच नव्हती, त्यांच्यात एनके पेशींचा संच वेगळाच घडला. घरच्या आणि परक्या अशा अनेक खुणा "आपल्या" मानणारे ग्राही असलेल्या पेशींचीच त्यात भरती झाली. परिणाम असा की या उंदरांनी न जुळणारा बोन मॅरो स्वीकारला. प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटतात तो त्रासही त्यांच्यात कमी झाला. एका एन्झाइमच्या असण्या-नसण्याने कोण आपला आणि कोण परका याचा निवाडा बदलला, आणि ते एन्झाइम काय करतं, तर चरबीच्या रेणूवरची एक फॉस्फेट कडी काढतं.

मग ही शिप-1 बंद करून अर्धा जुळणारा आईचा बोन मॅरो का देत नाहीत? कारण तेच उंदीर फार जगत नव्हते. 1998 मध्येच नोंदलं गेलं होतं की शिप-1 नसलेल्या उंदरांच्या फुप्फुसांत दुसऱ्या पांढऱ्या पेशी गर्दी करतात आणि ते लवकर मरतात. शिप-1 वर जगणाऱ्या पेशी अनेक आहेत. ती एनके पेशींपुरती नाही.

आणि तरीही आईचं देणं अगदीच अशक्य राहिलेलं नाही. ज्या घरी जुळणारं भावंड नाही, त्यांच्यासाठी अर्ध्या जुळणीचं प्रत्यारोपण आज होतं. त्यात बोन मॅरो दिल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे औषध मोठ्या मात्रेत देतात. नुकत्याच चिडलेल्या टी पेशी त्याने मरतात आणि दोन्ही बाजू एकमेकांना सांभाळून घेतात. धोका भावंडाच्या पूर्ण जुळणीपेक्षा जास्त असतो. पण त्या आईला "तुमचा चालतच नाही" असं कोणी सांगितलं असेल तर ते आज पूर्ण खरं नाही, आणि हे तिला कळायला हवं.

रिपोर्टमधली लिपिड प्रोफाइल ती हीच का?

नाही. दवाखान्याच्या रिपोर्टात दिसतं ते रक्तात फिरणारं कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड. ते इंधनाचं आणि बांधणीचं सामान आहे. पिप-2, पिप-3 पेशीच्या आत असतात, फार थोडे असतात, आणि कुठल्याही तालुक्याच्या लॅबमध्ये ते मोजत नाहीत.

दोघांचा अजिबात संबंध नाही असंही नाही. 2018 मध्ये लिडिया लिंच यांच्या गटाने दाखवलं की लठ्ठपणात एनके पेशी आतून चरबीने भरतात आणि त्यांचं ऊर्जेचं काम लुळं पडतं. त्या शत्रूला चिकटतात, पण मारायला लागणारी ताकद उभी करू शकत नाहीत. आता गावातही मोटारसायकल आल्यापासून चालणं कमी झालंय आणि पाकीटबंद खाणं वाढलंय, तेव्हा हा मुद्दा शहरापुरता राहिलेला नाही.

जवस खाल्ला, काढा प्याला, तर?

जवसाची चटणी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि ती चांगलीच आहे. जवसात ओमेगा-3 प्रकारची स्निग्धाम्लं भरपूर असतात. पिप-2 च्या शेपटीत बहुधा ॲरॅकिडॉनिक नावाचं ओमेगा-6 घराण्यातलं स्निग्धाम्ल असतं, म्हणजे आहाराचा धागा पार तिथवर जातो हे खरं. पण कडी कधी बसवायची आणि कधी काढायची हे एन्झाइमं ठरवतात, आणि त्यांना चटणीने हुकूम देता येत नाही. जवस जेवण म्हणून खावा. औषध म्हणून त्याच्या भरवशावर राहू नये, आणि सिकलसेलच्या लेकराची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी तर त्यासाठी कधीच बंद करू नये.

प्रतिकारशक्ती "वाढवणाऱ्या" चूर्णांबद्दल मात्र मला कळकळीने बोलायचं आहे. आठवडी बाजारात ती मिळतात, मोबाइलवर त्यांच्या जाहिराती येतात, आणि ज्यांच्या घरी आजारी लेकरू आहे तेच लोक पोटाला चिमटा घेऊन ती विकत घेतात. मुळात "वाढवणं" ही कल्पनाच चुकीची आहे, आणि त्याचा माणसांतला पुरावा आहे. 2013 मध्ये एक जन्मजात आजार उलगडला. त्याचं नाव एपीडीएस. त्यात वर सांगितलेलं पीआय-3-कायनेज, त्याचा पांढऱ्या पेशींतला डेल्टा नावाचा प्रकार, गरजेपेक्षा जास्त काम करतो. खुंट्यांवर कड्या चढतच राहतात. जाहिरातीच्या हिशेबाने ही मुलं सगळ्यांत धडधाकट असायला हवीत. प्रत्यक्षात त्यांना छातीचे संसर्ग पुन्हा पुन्हा होतात, नागिणीच्या कुळातले विषाणू त्यांचा पिच्छा सोडत नाहीत, गाठी सुजतात, काहींना लिम्फोमा, म्हणजे याच गाठींचा कर्करोग, होतो. त्यांच्या एनके पेशींची मारण्याची ताकदही कमी आढळली. सतत हाक देत राहिलं की पेशी थकते आणि मग खऱ्या हाकेला ओ देत नाही. या आजारावर मार्च 2023 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं औषध, लेनियोलिसिब, ते एन्झाइम अडवतं. प्रतिकारशक्तीचा निरोप कमी करून प्रतिकारशक्ती सुधारते.

उलट टोकही तितकंच वाईट. हेच डेल्टा एन्झाइम निकामी केलेल्या उंदरांत एनके पेशी नीट पिकत नाहीत. आणि आयडेलालिसिब नावाचं, हेच एन्झाइम अडवणारं औषध रक्ताच्या कर्करोगासाठी 2014 मध्ये आलं, तेव्हा काही रुग्णांना जिवावरचे संसर्ग झाले. काहींच्या यकृताला आणि आतड्याला सूज आली. जास्तही नको आणि कमीही नको, आणि जे हवं ते वेळेवर चढून वेळेवर उतरायला हवं.

हे सगळं उंदरांतलंच ना?

बरंचसं. उंदराच्या एनके पेशींवरचे ग्राही आपल्यापेक्षा वेगळे आहेत, त्यामुळे ही शंका रास्त आहे. पण आतलं खुंटा-कडीचं काम दोघांत सारखं आहे. एपीडीएसची मुलं माणसांचीच आहेत. माणसाच्या रक्तातल्या एनके पेशींतही पाहून झालं आहे: कच्च्या पेशींत पीटेन जास्त, पिकून मारायला तयार झालेल्या पेशींत कमी. 2015 च्या एका अभ्यासात मारक पेशींत मुद्दाम पीटेन वाढवलं, तर त्यांचं मारणं घटलं. स्पर्शाच्या जागेची मांडणीच विस्कटत होती आणि पुरचुंड्या तिकडे वळत नव्हत्या.

खर्रा आणि कर्करोगाची लबाडी

आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाबद्दल बोलायचं तर खर्ऱ्यापासूनच सुरुवात करावी लागते. तंबाखू, सुपारी, चुना घोटून प्लॅस्टिकच्या पन्नीत बांधलेली ती पुडी शाळकरी पोरांच्या खिशातही सापडते. ती कर्करोग का करते हा वेगळा विषय आहे. पण एकदा गाठ झाली की ती एनके पेशींना कसं झुलवते, ते या लेखाच्या वाटेवरच येतं. पडद्यातल्या त्याच ॲरॅकिडॉनिक आम्लापासून प्रोस्टाग्लँडिन ई-2 हे दुसरं निरोप्या लिपिड बनतं. अनेक गाठी ते भरपूर सोडतात, तोंडाच्या कर्करोगाच्याही. जवळ आलेल्या एनके पेशीला ते बाहेरून "थांब" म्हणतं आणि तिची मारण्याची ताकद उतरवतं. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन बनणंच रोखतं. जॉन व्हेन यांनी ते 1971 मध्ये शोधलं आणि 1982 चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. म्हणून कर्करोगात अशा औषधांचा जोड म्हणून विचार होतो. पण कुणी स्वतःच्या मनाने रोज ॲस्पिरिन खाऊ नये. पोटात रक्तस्राव होतो.

कर्करोगावर पेशींनाच औषध म्हणून वापरण्याची बातमी तुम्ही वाचली असेल. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार-19 ला ऑक्टोबर 2023 मध्ये भारतात परवानगी मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी पेशी काढून, बदलून परत देतात. एनके पेशींवर असंच काम अमेरिकेत ह्यूस्टनला एमडी अँडरसन कर्करोग केंद्रात झालं. 2020 मध्ये छापलेल्या पहिल्या अहवालात रक्ताच्या कर्करोगाचे 11 रुग्ण होते, त्यांतल्या 8 जणांना गुण आला. पेशी बाळाच्या नाळेतल्या रक्तातून घेतलेल्या, म्हणजे परक्याच्या होत्या, तरी त्या रुग्णाच्या शरीरावर उलटल्या नाहीत. एनके पेशींचा हा मोठा गुण आहे. प्रत्येक रुग्णासाठी वेगळी पेशी करायची गरज उरली नाही, तर खर्चही कधीतरी आवाक्यात येईल, आणि आमच्यासारख्या भागाला त्याचं मोल जास्त आहे. अडचण ही की एनके पेशी मुळात अल्पायुषी. रक्तात त्यांचा मुक्काम साधारण दोन आठवड्यांचा. आणि गाठीत शिरल्यावर त्या लवकर मंदावतात.

त्यांना मंदावू न देण्याचे प्रयत्न याच लिपिडांभोवती चालले आहेत. डायअसिलग्लिसरॉलला निरुपयोगी करणारं एक एन्झाइम काढून टाकलेल्या उंदरांच्या एनके पेशी गाठींशी जास्त नेटाने लढल्या. शिप-1 बद्दलचा अनुभव तर फारच बोलका आहे. ती कायमची नसलेल्या एनके पेशी सुस्त होतात, कारण त्यांना कायम हाका ऐकू येत राहतात. 2017 मध्ये संशोधकांनी शिप-1 अडवणारं रसायन उंदरांना सलग न देता मध्ये खंड ठेवून दिलं. तेव्हा टी आणि एनके दोन्ही पेशींची ताकद वाढली आणि गाठी असलेले उंदीर जास्त जगले. रसायन तेच होतं, फक्त मध्ये मोकळे दिवस होते. असं औषध अजून कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. माणसात हे मोकळे दिवस किती ठेवायचे, ते ठरवायचं काम पुढे आहे.